सात वाजताचा भोंगा

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात ऑगस्ट २०२२ पासून एक शिरस्ता सुरू झाला. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की घरोघरचे टीव्ही-मोबाइल बंद. साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत. कोरोनात ऑनलाइन शाळेसाठी मुलांच्या हाती आलेला मोबाइल शाळा उघडल्यावरही सुटेना, त्यावरचा हा गावठी उतारा. बातम्यांत कौतुक झाले ते अभ्यासाचे. मला त्यात मुलांच्या मनाचा प्रश्न जास्त दिसतो.

रडू आले की मोबाइल

चिऊकाऊचे घास मागे पडले. आता कार्टून लागल्याशिवाय तोंड उघडत नाही. रडणारे मूल मोबाइल दिला की गप्प होते, यात वाद नाही. पुढे काय होते? अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी ३ ते ५ वर्षांच्या मुलांच्या ४२२ पालकांकडून काही महिने माहिती घेतली. शांत करायला वारंवार मोबाइल मिळणाऱ्या मुलांत, त्यातही मुलग्यांत, नंतर चिडचिड अधिक आढळली. अर्थात, मुळात चिडक्या मुलालाच मोबाइल जास्त मिळतो, हेही खरे. हे चक्र आहे.

हट्ट ओसरेपर्यंतची दहा मिनिटे मुलासाठी शिकवणीची असतात. कुणी जवळ घेते, थोपटते, ‘राग आलाय ना तुला?’ म्हणते, तेव्हा आत उसळणाऱ्या गोष्टीला नाव मिळते आणि ती ओसरते हेही कळते. मोबाइल नेमकी हीच शिकवणी बुडवतो.

झोप

पडद्याच्या उजेडाने झोप यायला उशीर होतो, पुढचा भाग आपोआप सुरू होतो. सकाळी मूल किरकिरले की आपण त्याच्या स्वभावाला बोल लावतो.

किती वेळ?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये २ ते ४ वर्षांसाठी पडद्यासमोर दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितला. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या मते दोन वर्षांखाली पडदा नकोच. आजी-आजोबांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल चालेल. पण नुसते तास मोजू नयेत. त्या तासाने खेळ खाल्ला, गप्पा खाल्ल्या की झोप, ते आधी पाहावे.

आणि मोठ्यांचे?

‘ठेव तो मोबाइल’ म्हणताना आपला अंगठा रील सरकवत असतो. वडगावचा भोंगा मोठ्यांनाही लागू होता. कल्पना मांडली तेव्हा पुरुष हसले होते म्हणे. मालिकांचे वेड आपल्यालाच लागलेय, अशी कबुली बायकांनी दिली, आणि भोंगा बसला.