गळ्यात क्रूस आहे, मनात काय?

बाप्तिस्म्याचा दाखला मिळाला, रविवारी चर्चमध्ये हजेरी लागली, म्हणजे माणूस ख्रिस्ती झाला का? शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दोन मराठी स्त्रियांनी या प्रश्नाचं उत्तर स्वतःच्या जगण्यातून दिलं आहे.

ओळखीच्या एका ख्रिस्ती घरात मुलीच्या लग्नाची बोलणी चालली होती. मुलगा शिकलेला, नोकरी चांगली. दोन्ही घरं नेमानं उपासनेला जाणारी. भिंतीवर क्रूस, टेबलावर बायबल. चहा झाला, तारखेचा विषय निघाला आणि मुलाच्या मावशींनी आवाज खाली आणून विचारलं, ‘‘तसे तुम्ही मूळचे कोण?’’

मूळचे म्हणजे कुठल्या गावचे असं त्यांना विचारायचं नव्हतं, हे सगळ्यांनाच कळलं. मुलीच्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेताना जी जात मागे टाकली, ती मावशींना हवी होती. मुलीचे वडील क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘ताई, हा प्रश्न कुणी विचारू नये म्हणूनच तर आजोबा ख्रिस्ती झाले होते.’’

बोलणी तिथंच थांबली.

असं एखाद्याच घरात घडतं असं नाही. गोव्यात पोर्तुगीज काळात हजारो कुटुंबांचा धर्म बदलला, पण बामण आणि चारडो ही नावं कॅथलिक समाजात टिकून राहिली. धर्माची पाटी बदलली, मन मात्र जुन्याच घरात राहिलं. मग पाटी आणि श्रद्धा यांचं नातं तरी काय?

आधी नाव, मग श्रद्धा

पंडिता रमाबाईंनी 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्यांना आश्रय देणाऱ्या जोगिणींना वाटलं, आता बाई आपल्या झाल्या. पण बाईंचे प्रश्न संपेनात. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशासाठी, आपल्या संस्कृतात का नकोत, असं त्यांनी विचारलं. मांसाहार त्यांनी स्वीकारला नाही. चर्चची शिकवण त्या पारखून घेत राहिल्या. जोगिणींना यात गर्व दिसला. खरं तर इंग्रजी चालीरीती म्हणजेच ख्रिस्ती धर्म, हे रमाबाईंना मान्य नव्हतं.

याहून मोठी गोष्ट त्यांनी पुढे स्वतःच सांगितली. 1907 साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी कबूल केलं, की बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडायला सुमारे आठ वर्षं लागली. त्या काळात हॅस्लम नावाच्या एका इंग्रज पाळकाचं आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आलं. वर्षानुवर्षं लोकांना उपदेश करणाऱ्या या पाळकालाच आपल्यात खरी श्रद्धा नाही हे उशिरा उमगलं होतं. ते वाचून रमाबाईंनी स्वतःकडे वळून पाहिलं.

तोवर त्या जगप्रसिद्ध झाल्या होत्या. 1889 साली मुंबईत त्यांचं शारदा सदन सुरू झालं होतं. अशा वेळी ‘माझ्याकडे नाव होतं, आतलं काही नव्हतं’ असं उघड सांगायला केवढं धैर्य लागलं असेल! 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली आणि स्त्रिया आणल्या, त्यांना केडगावला आसरा दिला, हाताला काम शिकवलं. त्यांच्या श्रद्धेचा दाखला शोधायचा तर तो तिथं सापडतो.

आधी बदल, मग नाव

लक्ष्मीबाई टिळकांची वाट नेमकी उलटी. पती, कवी नारायण वामन टिळक, 1895 साली ख्रिस्ती झाले आणि संसार दुभंगला. काही वर्षांनी त्या पतीजवळ राहायला आल्या, पण सोवळं सोडलं नाही. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं.

मग एक दिवस त्यांच्या मनात प्रश्न आला, की जाती देवानं केल्या की माणसानं? देवानं केल्या असत्या तर पशुपक्ष्यांसारखा माणसामाणसांत दिसणारा फरक ठेवला असता. हा विचार पटला, तेव्हा आपण आता कुणाच्याही हातचं खाऊ-पिऊ, असं त्यांनी ठरवलं. हे बाप्तिस्म्याच्या आधी घडलं. बाप्तिस्मा त्यांनी 1900 साली घेतला. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी हे सारं आपल्या खुसखुशीत, घरगुती भाषेत सांगितलं आहे.

टिळकांनी तर 1917 साली ‘देवाचा दरबार’ सुरू केला, तेव्हा बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा ठेवली. ख्रिस्ताच्या मागे चालणं महत्त्वाचं, नोंदवहीतलं नाव त्यानंतर.

कसोटी घरातच

याचा अर्थ बाप्तिस्मा, क्रूस, उपासना निरर्थक आहेत असा नाही. रमाबाई आणि लक्ष्मीबाई दोघींनीही बाप्तिस्मा घेतला आणि आयुष्यभर जपला. खूण आठवण देते, माणसं जोडते. पण खूण म्हणजेच पोच नव्हे. गावाच्या नावाची पाटी दिसली म्हणजे आपण घरी पोचलो असं होत नाही.

पोचलो की नाही, हे ओळखायला धर्मपंडित लागत नाही. नाताळच्या फराळाचं ताट कामवाल्या बाईंपर्यंत जातं का? उपासनेत शेजारी बसणाऱ्याला आपण जेवायच्या टेबलावरही शेजारी बसवतो का? भावाशी धरलेला अबोला नाताळच्या आधी सुटतो का? हे प्रश्न फक्त ख्रिस्ती घरांसाठी आहेत असंही नाही. कपाळावरचा टिळा असो, डोक्यावरची टोपी असो, कसोटी तीच.

त्या मुलीचं लग्न पुढे दुसऱ्या घरी ठरलं. बोलणी चालली असताना तिचे वडील वाट पाहत होते म्हणे, आता तो प्रश्न येईल, मग येईल. तो आलाच नाही. घरी परतल्यावर ते पत्नीला एवढंच म्हणाले, ‘‘यांच्या भिंतीवर क्रूस होता की नव्हता, ते बघायचंच राहिलं.’’