मधुमेह आणि दृष्टि



बत्तीस वर्षें मीं शाळेंत मुलांना सरळ रेघा ओढावयास शिकविलें. निवृत्तीनंतर एके सकाळीं वर्तमानपत्र वाचतांना उजवा डोळा सहज झांकला, तों डाव्या डोळ्याला छापील ओळी मध्येंच वांकलेल्या दिसल्या. मला मधुमेह होऊन तेव्हां अकरा वर्षें झालीं होतीं; आणि ‘चांगलें दिसतें आहे ना?’ असें म्हणून डोळ्यांची तपासणी मीं दर वर्षीं पुढें ढकलली होती. ही हयगय सर्वस्वीं माझी. तिनें जें शिकविलें, तें आज आपल्यापुढें मांडावयाचें आहे.

डोळ्याच्या आंतल्या बाजूस दृष्टिपटल नांवाचा पातळ पडदा असतो. आकाराच्या मानानें शरीरांतील फारच थोड्या भागांना त्याच्याइतका प्राणवायु लागतो. स्नायूंच्या पेशी इन्सुलिनच्या परवानगीनें साखर आंत घेतात. परंतु दृष्टिपटलाच्या केशवाहिन्यांच्या अस्तरांतील पेशींना तसें दार लावतां येत नाहीं. रक्तांत साखर वाढली कीं ती त्यांच्यांतही शिरते.

मग काय होतें? घरची चूल आठवून पाहा. बेताचें सरपण घातलें तर निर्मळ जाळ होतो. मावणार नाहीं इतकें कोंबलें तर धूर होतो आणि भिंतीवर काजळी धरते. पेशींतील सूक्ष्म भट्ट्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. तेथें साखरेचा अतिरेक झाला म्हणजे प्राणवायूचे उपद्रवी कण सुटतात. निरोगी पेशींत ग्लुटाथायोनसारखीं द्रव्यें त्यांना निकामी करितात. मधुमेहांत तो सांठाही अपुरा पडतो. या असमतोलास ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणतात. त्यामुळें केशवाहिन्यांना आधार देणाऱ्या पेशी मरूं लागतात, वाहिन्यांना बारीक फुगे येतात, त्या पाझरतात आणि कांहीं बुजून जातात.

वाहिन्या बुजल्या म्हणजे दृष्टिपटल गुदमरतें व मदतीसाठीं हांक मारतें. ही हांक म्हणजे व्हीईजीएफ नांवाचें प्रथिन. त्याच्या सांगण्यावरून नव्या वाहिन्या फुटतात, पण त्या कच्च्या असतात. फाटल्या तर डोळ्यांत रक्तस्राव होतो. शरीरांतील अंतःस्राव, ज्यांना हल्लीं संप्रेरकें म्हणतात, तेही या कामीं भर घालतात. १९५३ सालीं डेन्मार्कमधील पौल्सेन या वैद्यानें एका मधुमेही स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. बाळंतपणानंतर तिच्या मेंदूखालील पीयूषिका ग्रंथि निकामी झाली, आणि डोळ्यांतील विकार मावळला! या ग्रंथींतून स्रवणारें वाढीचें संप्रेरक विकारास पोषक असावें, हा तर्क तेथून बळावला. वयांत येतांना व गरोदरपणांत हा विकार वाढूं शकतो, तेंही लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

आतां मुख्य गोष्ट. अमेरिका व कॅनडा येथें १९८३ ते १९९३ या काळांत, इन्सुलिनवरच अवलंबून असलेल्या १,४४१ रुग्णांवर एक मोठा प्रयोग झाला. ज्यांनीं साखर काटेकोरपणें आटोक्यांत ठेविली, त्यांच्यांत दृष्टिपटलाचा विकार नव्यानें उद्भवण्याचा धोका ७६ टक्क्यांनीं घटला. प्रयोग संपल्यावर दोन्ही गटांची साखर जवळजवळ सारखी झाली, तरीही पहिल्या गटाचा लाभ पुढें कित्येक वर्षें टिकला. पेशी जुनी शिस्त विसरत नाहींत; जुनी हयगयही विसरत नाहींत.

मग जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनीं ही काजळी धुतां येईल काय? त्यांनीं हा विकार टळतो, असें सिद्ध झालेलें नाहीं. सरपणच बेताचें घालावयास हवें. रक्तदाबही आवरावयास हवा. मात्र दीर्घकाळ वाढलेली साखर एकदम खालीं आणल्यास डोळ्यांचा विकार कांहीं काळ बळावूं शकतो. म्हणून तें काम वैद्यांच्या सल्ल्यानें, डोळे तपासून घेऊनच करावें.

माझ्या डोळ्यांत व्हीईजीएफची हांक दाबणारीं इंजेक्शनें दिलीं गेलीं. रेघा पुष्कळशा सरळ झाल्या. अगदीं पूर्ववत् झाल्या नाहींत. हा विकार आरंभीं दुखत नाहीं, डोळा लाल होत नाहीं, अक्षरही धूसर होत नाहीं. यास्तव प्रौढपणीं मधुमेह जडला असेल, तर तो कळतांच, आणि पुढें साधारणतः दर वर्षीं, बाहुली मोठी करून डोळ्याचा मागील पडदा तपासून घ्यावा. चांगलें दिसतें आहे, हें न जाण्याचें कारण नव्हे. जाण्याची योग्य वेळ तीच.