दिवाळीनंतरची सूट कशावर मोजायची?

दिवाळी सरली की दुकानांवर ‘५०% सूट’चे फलक चढतात. ही सूट बहुधा एमआरपीवर मोजलेली असते आणि एमआरपी ठरवतो उत्पादकच. म्हणून तुलना करावी ती दिवाळीआधीच्या प्रत्यक्ष विक्रीभावाशी. उरलेला माल खपवताना भाव खरेच उतरतात, असे कोणी म्हणेल. कपड्यांबाबत ते पटते, पण तिथे नेमके आपलेच माप संपलेले असते! ‘विकलेला माल परत घेणार नाही’ या पाटीला मात्र बिचकू नये. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलावरील मुदतीत, मुदत नसल्यास ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. सेलचा मालही त्याला अपवाद नाही. पक्के बिल मागून घ्या. दुकानदाराने दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.