उथळ पाण्यावरची सहल

'उथळ पाण्याला खळखळाट फार' ही म्हण तुम्ही ऐकली असेल. ज्याच्याजवळ ज्ञान थोडे, तोच फार बडबड करतो, असा तिचा अर्थ. पण केरळातील सरोवरे या म्हणीला अपवाद आहेत. त्यांचे पाणी उथळ आहे, तरी ते शांत असते. काठावर नारळाची झाडे, मधून संथपणे जाणाऱ्या होड्या आणि वर निळे आकाश! असे दृश्य पाहून कोणालाही वाटेल, की येथे भिण्यासारखे काय आहे? माणूस फसतो तो येथेच. अशा पाण्यावर मोटारबोटीने सहल करायची असेल, तर आधी तिची नीट आखणी करावी लागते. ती कशी करतात, ते आपण पाहू.

केरळच्या किनाऱ्याला लागून, समुद्र आणि जमीन यांच्यामध्ये, खाऱ्या-गोड्या पाण्याच्या सरोवरांची एक साखळी आहे. मलयाळम भाषेत अशा सरोवराला 'कायल' म्हणतात. दक्षिणेला कोल्लम शहराजवळ अष्टमुडी सरोवर आहे. त्याच्या उत्तरेला कायमकुळम सरोवर आणि त्यापुढे वेंबनाड सरोवर लागते. वेंबनाड हे भारतातील सर्वांत लांब सरोवर. ही सरोवरे कालव्यांनी एकमेकांना जोडलेली आहेत. कोल्लमपासून कोट्टापुरमपर्यंतचा १६८ किलोमीटरचा जलमार्ग सरकारने १९९३ साली 'राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ३' म्हणून जाहीर केला. २०१६ साली तो कागदोपत्री कोझिकोडपर्यंत वाढवण्यात आला. कोट्टापुरम हे कोडुंगल्लूरजवळ आहे. प्राचीन काळी याच भागात मुझिरिस नावाचे प्रसिद्ध बंदर होते. तेथे मिरी खरेदी करण्यासाठी दूरदूरचे व्यापारी येत असत.

ही सरोवरे उथळ का आहेत? पंपा, अच्चनकोविल, मणिमला, मीनच्चिल अशा नद्या डोंगरातून माती आणि वाळू वाहून आणतात. सरोवरात आल्यावर पाण्याचा वेग कमी होतो आणि गाळ तळाशी बसतो. हे काम हजारो वर्षे चालू आहे. शिवाय माणसांनी बांध घालून, पाणी उपसून सरोवराच्या काही भागात भातशेती केली. कुट्टनाड भागात तर समुद्रसपाटीपेक्षा खालच्या पातळीवर भात पिकतो! त्यामुळे वेंबनाडच्या दक्षिण भागात बऱ्याच ठिकाणी पाणी दोन मीटरसुद्धा खोल नाही. कोचीजवळ मात्र मोठी जहाजे येतात, तेथे खोली बरीच जास्त आहे.

आता समजा, नाताळच्या सुट्टीत तुमच्या घरच्या मंडळींनी केरळला जायचे ठरवले. अब्बा, अम्मी, दादी, चाचा, चाची आणि मुले मिळून बारा माणसे आहेत. कोकण रेल्वेने केरळात पोहोचायचे आणि कोल्लमहून आलप्पुळापर्यंत बोटीने जायचे. आलप्पुळा म्हणजेच पूर्वीचे अलेप्पी. आखणी कोठून सुरू करायची?

पहिला प्रश्न ऋतूचा. जूनच्या सुरुवातीला नैर्ऋत्य मोसमी पाऊस भारताच्या मुख्य भूमीवर प्रथम केरळात येतो आणि सप्टेंबरपर्यंत राहतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तेथे परतीचा पाऊस पडतो. तेव्हा दुपारनंतर ढग जमतात, विजा चमकतात आणि वादळी वारा सुटतो. उथळ पाण्यात वाऱ्याने उठणाऱ्या लाटा मोठ्या नसल्या, तरी त्या आखूड आणि उभ्या असतात. एक लाट ओसरते तोच दुसरी येते. लहान बोटीला त्या फार हलवतात. म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. नाताळची सुट्टी त्यातच येते.

दुसरा प्रश्न वेळेचा. कोल्लम ते आलप्पुळा हा प्रवास संथ चालणाऱ्या बोटीने सुमारे आठ तासांचा आहे. सकाळी आठ वाजता निघालो तर दुपारी चार वाजता पोहोचू, असा हिशेब आपण पटकन मांडतो. पण जेवणासाठी एक तास धरा. पाच वाजले. डिसेंबरमध्ये तेथे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे हातात एकच तास उरला. वाटेत पंख्यात जलपर्णी अडकली, इंजिन तापले किंवा दादीला बरे वाटेनासे झाले, तर? अंधारात उथळ जागा दिसत नाहीत, मासेमारीची जाळी दिसत नाहीत आणि दिवा नसलेल्या लहान होड्याही दिसत नाहीत. म्हणून हा प्रवास दोन दिवसांत विभागावा. रात्री काठावरच्या गावी मुक्काम करावा. सूर्य मावळण्यापूर्वी निदान दोन तास बोट धक्क्याला लागेल, असाच बेत करावा.

तिसरा प्रश्न खोलीचा. बोटीचा काही भाग नेहमी पाण्याखाली असतो. समजा, आपल्या बोटीचा साठ सेंटीमीटर भाग पाण्याखाली आहे. मग सत्तर सेंटीमीटर पाण्यात ती जेमतेम चालेल. पण पाण्याची पातळी सतत सारखी नसते. ही सरोवरे समुद्राला जोडलेली असल्यामुळे त्यांत भरती-ओहोटी जाणवते. केरळच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक एक मीटरपेक्षा कमी असतो. पण जेथे पाणी हातभरच जास्त आहे, तेथे एवढा फरकही पुष्कळ झाला. म्हणून जलमार्गात बोटींसाठी गाळ काढून एक खोल पट्टा ठेवलेला असतो. बोटीने त्या पट्ट्यातूनच जायचे. जवळची वाट म्हणून पट्टा सोडला, की बोट गाळात रुतण्याचा धोका असतो. अनोळखी जागी बोटवाले लांब काठी पाण्यात टाकून खोली पाहतात. साधन साधे आहे, पण खात्रीचे आहे.

वेंबनाडवर पुढे जायचे असेल, तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तेथे तण्णीरमुक्कम येथे सरोवराच्या आरपार एक मोठा बंधारा आहे. तो १९७० नंतरच्या दशकात बांधला गेला. कोरड्या दिवसांत समुद्राचे खारे पाणी कुट्टनाडच्या भातशेतीत शिरू नये, म्हणून त्याचे दरवाजे काही महिने बंद ठेवतात. दरवाजे बंद असले, की दक्षिणेकडचे पाणी साचून राहते आणि जलपर्णी वाढते. ती बोटीच्या पंख्याला गुंडाळते. अशा वेळी आधी इंजिन बंद करायचे आणि मगच चालकाने पंखा मोकळा करायचा. इंजिन चालू असताना पाण्यात हात घालणे म्हणजे बोटे गमावणे.

अशा पाण्यात बोट चालवणारा माणूस अनुभवी आणि परवानाधारक हवा. केरळात बोटीच्या चालकाला 'स्रांक' म्हणतात. आपल्याकडे किनाऱ्यावर 'सारंग' हा शब्द आहे. हे शब्द 'सरहंग' या फारसी शब्दापासून आले आहेत. सरहंग म्हणजे फौजेचा नायक. बोटीवर चालक हाच नायक असतो. तो 'बसा' म्हणाला की बसायचे. तेथे चाचांनीसुद्धा वाद घालायचा नाही! असाच आणखी एक शब्द पाहा. उर्दूत तुम्ही ज्याला 'लंगर' म्हणता, त्याला मराठीत 'नांगर' म्हणतात. शेतातला नांगर जमीन नांगरतो, बोटीचा नांगर तळाशी रुतून बोटीला धरून ठेवतो.

आता सर्वांत अवघड प्रश्न येतो. तो म्हणजे माणसांचा. समजा, बोटीचा परवाना बारा प्रवाशांचा आहे. आपण बारा आहोत. निघण्याच्या आदल्या दिवशी खालांचा निरोप येतो, 'आम्ही सहा जण तेथेच आहोत, आम्हीही येतो.' पाहुण्यांना नाही कसे म्हणायचे? कोणी म्हणते, 'मुले मांडीवर बसतील.' कोणी म्हणते, 'एवढ्याने काय बोट बुडते?'

आपण हिशेब करून पाहू. पाण्याच्या पातळीवर बोट आठ मीटर लांब आणि दोन मीटर रुंद आहे असे धरू. म्हणजे तिने सोळा चौरस मीटर जागा व्यापली आहे. बोट एक सेंटीमीटर आणखी खाली जाण्यासाठी सुमारे १६० किलो वजन लागेल. सहा माणसांचे वजन ३२० किलो धरले, तर बोट फक्त दोन सेंटीमीटर खाली जाईल. फक्त दोन सेंटीमीटर! मग भीती कशाची?

भीती वजन किती आहे याची असते, त्याहून जास्त ते कोठे आहे याची असते. जागा नसली की जास्तीची माणसे उभी राहतात किंवा छतावर चढतात. त्यामुळे बोटीचे वजन वरच्या बाजूला वाढते. तेवढ्यात कोणी ओरडते, 'तो पाहा बगळ्यांचा थवा!' सगळे एका बाजूला धावतात. बोट कलते. कललेल्या बोटीत माणसे आणखी त्याच बाजूला घसरतात. बोट उलटायला मग काही क्षण पुरतात.

हे केवळ कल्पनेतले बोलणे नाही. २७ जुलै २००२ रोजी मुहम्माहून कुमरकमला जाणारी एक प्रवासी बोट वेंबनाड सरोवरात उलटली. त्या दिवशी नोकरीची परीक्षा होती. अनेक उमेदवार त्या बोटीत होते. बोटीत फार गर्दी होती. पाण्याखालच्या वाळूच्या उंचवट्याला ती लागल्याचेही चौकशीत पुढे आले. या अपघातात २९ जण मृत्युमुखी पडले. पुढे ७ मे २०२३ रोजी मलप्पुरम जिल्ह्यातील तानूर येथे सूर्यास्तानंतर एक सहलीची बोट उलटली. तिच्यातही क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. २२ जणांचा मृत्यू झाला. त्यांत लहान मुले पुष्कळ होती आणि कित्येक जण तर एकाच कुटुंबातले होते. सुट्टीत आनंद लुटायला निघालेले घर एका संध्याकाळी रिकामे झाले.

म्हणून खालांना प्रेमाने सांगायचे, 'आपण दुसरी बोट घेऊ. खर्च वाटून घेऊ. दोन्ही बोटी बरोबर जातील.' मांडीवरचे मूल हीसुद्धा एक व्यक्ती आहे, हे मोजताना विसरायचे नाही. असा नकार देताना मन थोडे कचरते. पण तो नकार म्हणजे खरे तर आपल्या माणसांची काळजी आहे.

बोटीत बसण्यापूर्वीच प्रत्येकाने लाइफ जॅकेट अंगात घालावे. ते बाकाखाली ठेवून उपयोग नाही. बोट कलल्यावर ते शोधायला आणि पट्टे बांधायला वेळ मिळत नाही. मुलांना मुलांच्याच मापाचे जॅकेट हवे. मोठ्या मापाचे जॅकेट पाण्यात वर सरकते आणि मूल खाली निसटते. 'पाणी तर छातीएवढेच आहे' असे कोणी म्हणेल. पण कोणाच्या छातीएवढे? दीड मीटर पाणी उंच माणसाच्या गळ्याखाली राहते, तर सव्वा मीटर उंचीच्या मुलाच्या डोक्यावरून जाते. शिवाय तळाशी मऊ चिखल असतो, त्यात पाय रुततात. 'उथळ' हा शब्द मोठ्या माणसांच्या मापाचा आहे, हे विसरू नका.

शेवटची गोष्ट त्या पाण्यावर जगणाऱ्या लोकांची. येथे कोणी जाळे टाकते, कोणी तळातून शिंपले काढते, कोणी छोट्या होडीतून शाळेत जाते. आपली बोट वेगाने गेली, तर तिच्या लाटांनी लहान होडी हेलकावे खाते आणि काठाची माती ढासळते. म्हणून घरांजवळ आणि होड्यांजवळ बोटीचा वेग कमी ठेवावा, असे चालकाला आधीच सांगावे. कुमरकम येथे पक्षी अभयारण्य आहे. मुंबईचे थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांनी त्रावणकोर-कोचीनच्या पक्ष्यांची पाहणी केली होती. तेथे आवाज न करता दुरूनच पक्षी पाहावेत. प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि बाटल्या पाण्यात टाकू नयेत. त्या परत आणण्यासाठी एक थैली आठवणीने बरोबर घ्यावी.

आखणी झाली, की कोणती बोट, किती माणसे, कोठून कोठे आणि किती वाजता पोहोचणार, हे एका कागदावर लिहावे. तो कागद काठावरच्या ओळखीच्या माणसाजवळ ठेवावा. वेळ उलटून गेली, तर तो चौकशी करील.

एवढे सगळे केल्यावर सहलीची गंमत कमी होते का? मुळीच नाही. दादी निर्धास्तपणे नारळाची झाडे पाहत बसते. धाकटी बहीण बोटीच्या कडेने पळणारे पाणी पाहून टाळ्या वाजवते. संध्याकाळी, सूर्य अजून वर असतानाच, बोट धक्क्याला लागते. चाचा एकेकाला हात देऊन उतरवतात आणि मोजतात. सकाळी बारा होते. आताही बाराच असतात. ज्या सहलीत हा आकडा सकाळ-संध्याकाळ जुळतो, तीच चांगली सहल.

स्वाध्याय

१. केरळातील सरोवरे उथळ का झाली आहेत?
२. कोल्लम ते आलप्पुळा हा प्रवास दोन दिवसांत का विभागावा?
३. 'भीती वजन किती आहे याची असते, त्याहून जास्त ते कोठे आहे याची असते' हे वाक्य तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
४. पाठात आलेले, उर्दूतही वापरले जाणारे शब्द शोधून त्यांची यादी करा.
५. तुमच्या घरच्या मंडळींना बोटीच्या सहलीला जायचे आहे. बोट ठरवताना तुम्ही चालकाला कोणते पाच प्रश्न विचाराल, ते लिहा.