खड्डा, चाक आणि मनगट

चाळिशी ओलांडलेल्या आणि रक्तातली साखर सीमारेषेवर आलेल्या माणसाला डॉक्टर सांगतात, 'चाला, नाहीतर सायकल चालवा.' त्यातले काही जण खरोखरच सायकल घेतात. भिवंडीत पहाटे राजनोली नाक्यावरून पडघ्याच्या दिशेने निघालेले हेल्मेटवाले सायकलस्वार दिसतात, ते यातलेच. रोड बाइक घेताना ही मंडळी फ्रेम कशाची, गिअर किती, वजन किती हे सगळे बारकाईने विचारतात. चाकाबद्दल विचारलेच, तर 'हलके आहे ना?' एवढेच. भिवंडीच्या रस्त्यावर चाकाला विचारायचा हा पहिला प्रश्न नव्हे.

हे यंत्रमागांचे आणि गोदामांचे शहर. इथल्या रस्त्यांवर दिवसरात्र कंटेनर धावतात. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांच्या झिजेच्या मोठ्या चाचण्या झाल्या. आसावरचा भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज दुप्पट नव्हे, सुमारे सोळापट होते, असा ढोबळ नियम त्यातून निघाला. लहान मोटारीच्या तुलनेत भरलेल्या ट्रकचा एक आस रस्त्याचे हजारो पटींनी नुकसान करतो. त्यात पावसाचे पाणी डांबराखाली शिरते आणि जुलैपर्यंत खड्डे तयार. पाण्याने भरलेला खड्डा चार बोटे खोल आहे की वीतभर, हे वरून कळत नाही.

सायकलवरून पडणारा माणूस स्वतःला सावरायला हात पुढे करतो. सगळा भार तळव्यावर येतो आणि मनगटापाशी अग्रबाहूचे हाड मोडते, किंवा धक्का खांद्याकडे जाऊन गळपट्टीचे हाड मोडते. कुठल्याही अपघात विभागाला ही दोन्ही हाडे चांगली परिचयाची आहेत. मनगटातले स्कॅफॉइड नावाचे छोटे हाड मोडले तर पहिल्या एक्स-रेमध्ये ते कधीकधी दिसतही नाही. म्हणून अंगठ्याच्या मुळाशी दुखत राहिले तर 'मुरगळले असेल' म्हणून घरी बसू नये. पण हाडे सहसा जुळतात. खरी भीती वेगळीच आहे. खड्डा दिसताच सायकलस्वार उजवीकडे वळतो आणि मागून कंटेनर येत असतो. ज्याला आपले चाक हा धक्का सोसेल अशी खात्री असते, तो वेग कमी करून, हँडल घट्ट धरून सरळ रेषेत जाऊ शकतो. मजबूत चाकाचा फायदा मोजायचा तो इथे.

आता हे चाक उभे कशावर राहते? बैलगाडीच्या चाकात लाकडी आरे आसाखाली खांबासारखे उभे असतात, भार त्यांच्यावर दाबाच्या रूपाने येतो. सायकलचा आरा, म्हणजे दुकानातल्या भाषेत स्पोक, दोन मिलिमीटर जाडीची तार असते. तिच्यावर नुसता दाब दिला तर ती वाकेल. म्हणून ती आधीच ताणून बसवतात. चांगल्या चाकात प्रत्येक स्पोकवर साधारण शंभर किलोचा ताण असतो. ३२ स्पोक धरले तर तीन टनांच्या आसपासची ओढ त्या बारीक रिमला चहूबाजूंनी आत खेचत असते. माणूस बसला की जमिनीलगतच्या तीन-चार स्पोकचा ताण थोडा कमी होतो. बाकीच्यांना फारसे कळतही नाही. चाक फिरते तसा प्रत्येक स्पोक पाळीपाळीने सैल आणि पुन्हा ताठ होतो.

रोड बाइकचे चाक एका किलोमीटरमध्ये सुमारे ४७० फेरे घेते. भिवंडी ते नाशिक हे अंतर सुमारे १३० किलोमीटर, म्हणजे एका प्रवासात प्रत्येक स्पोक साठ हजारांवर वेळा सैल-ताठ होतो. स्पोक तुटतो तो बहुधा यामुळे, एका खड्ड्याने नव्हे. सैनिकांच्या पायाच्या हाडाला लांब संचलनाने बारीक तडा जातो, त्याला डॉक्टर 'मार्च फ्रॅक्चर' म्हणतात. एकही मोठा मार न लागता, हजारो छोट्या धक्क्यांनी हाड थकते. स्पोकही असाच थकतो आणि हबपाशी जिथे तो वाकवलेला असतो, तिथे तुटतो. फरक एवढाच, की हाडाला विश्रांती दिली तर ते भरून येते.

यातून एक गोष्ट निघते ती अनेकांना उलटी वाटते. ताठ स्पोकपेक्षा ढिला स्पोक लवकर तुटतो. ढिल्या स्पोकचा ताण प्रत्येक फेऱ्यात जवळपास शून्यावर जातो, त्याची निपल हळूहळू उलगडते, चाक आऊट होते आणि शेजारच्या स्पोकवर जास्तीचा भार पडतो. तेव्हा चाकाची ताकद किमतीपेक्षा ते कसे बांधले आहे यावर अवलंबून असते. सगळे स्पोक पुरेसे आणि सारखे ताणणारा कारागीर मध्यम किमतीच्या रिममधूनही टिकाऊ चाक उभे करतो. परीक्षा घरीच करता येते. तंबोऱ्याची तार छेडावी तसा एकेक स्पोक बोटाने छेडायचा. एका बाजूच्या सगळ्या स्पोकचा सूर जवळपास एकच हवा. मागच्या चाकात गिअरच्या बाजूचा सूर वरचा आणि डावीकडचा खालचा लागतो, तो दोष नव्हे. गिअरना जागा देण्यासाठी ती रचनाच तशी असते. मधेच एखादा स्पोक बद्द वाजला, तर चाक कारागिराकडे न्यावे. नवी सायकल घेतल्यावर पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर हे काम एकदा करून घ्यावेच.

स्पोक किती हवेत? शर्यतीच्या हलक्या चाकात २० ते २४ असतात. त्यातला एक तुटला तर रिम इतकी वाकडी होते की चाक ब्रेकला किंवा फ्रेमला घासू लागते. ३२ स्पोकचे चाक एक तुटूनही बहुधा घरी पोचवते. वजन नव्वद किलोच्या पुढे असेल तर मागे ३६ घ्यावेत, आणि डॉक्टरांनी सायकल सुचवलेले बरेच जण याच गटातले असतात. दूधवाल्यांच्या जुन्या काळ्या सायकलींत पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असत. जास्त भार मागच्या चाकावर येतो, हे त्या रचनेत धरलेले होते. स्पोक स्टेनलेस स्टीलचे आणि मधल्या भागात किंचित बारीक असलेले चांगले. बारीक भाग थोडा ताणला जातो आणि वाकाजवळचा धक्का कमी करतो. पट्टीसारखे चपटे, खास कंपनीचेच मिळणारे स्पोक घेतले, तर तुटल्यावर मुंबईतही शोधत फिरावे लागते.

उंच कडांच्या कार्बन रिम वारा कापतात, हे खरे. पण तो लाभ ताशी चाळीसच्या आसपास वेग असला की जाणवतो, आणि अंजूरफाट्याला तो वेग कुणाला मिळणार? ॲल्युमिनियमची रिम मार बसला की वाकते, डोळ्यांना दिसते. कार्बनचा तडा आत राहू शकतो.

नाशिकचे महाजन बंधू, डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र, यांनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' जोडीने पूर्ण केली. अशा शर्यतीत मागे गाडी असते, गाडीत माणसे आणि राखीव चाके. खर्डी-कसाऱ्याच्या रस्त्यावर एकट्याने निघालेल्याकडे यातले काही नसते. त्याने पुढच्या चाकाचा एक आणि मागच्या दोन्ही बाजूंचा एकेक असे तीन स्पोक फ्रेमला चिकटवून ठेवावेत. तिन्हींची लांबी वेगळी असू शकते.

चाकाचे पहिले संरक्षण मात्र टायर. हवेचा टायर १८८८ मध्ये व्यवहारात आणला तो जॉन बॉइड डनलप या गुरांच्या डॉक्टरने, मुलाच्या तीनचाकीचे धक्के कमी व्हावेत म्हणून. २३ मिलिमीटरचा दगडासारखा टणक टायर हा आता जुना हट्ट झाला. फ्रेममध्ये जागा असेल तर २८, जमल्यास ३२ मिलिमीटरचा घ्यावा आणि हवा टायरवर छापलेल्या कमाल आकड्यापर्यंत भरू नये. पंचाहत्तर किलोच्या माणसाला २८ च्या टायरमध्ये साधारण ७० ते ८० पीएसआय पुरते. फार कमी केली तर खड्ड्याच्या काठावर ट्यूब रिमखाली चिमटली जाते आणि तिला शेजारीशेजारी दोन भोके पडतात, थेट सर्पदंशाच्या खुणांसारखी. फार जास्त ठेवली तर धक्का तळहातात येतो. तळव्याच्या करंगळीकडच्या बाजूने जाणारी नस दबून करंगळी आणि अनामिका बधिर होतात. अशा वेळी आधी टायरची हवा आणि हात ठेवण्याची पद्धत तपासावी. तरी बधिरपणा राहिला किंवा पकड कमी झाली, तर डॉक्टरकडे जावे.

रिमवर घासणारे ब्रेक असतील तर पावसाळ्यात आणखी एक काम असते. ब्रेकच्या रबरात अडकलेली वाळू रिमची कड कानशीसारखी घासते. बऱ्याच रिमवर झीज कळण्यासाठी बारीक खाच किंवा टिंब असते. ते दिसेनासे झाले, किंवा कडेवर पट्टी उभी धरल्यावर मध्ये पोकळी दिसली, तर ती रिम बदलावी लागते. पातळ झालेली कड हवेच्या दाबाने अचानक फाटू शकते. पावसातून आल्यावर ब्रेकचे रबर आणि रिम ओल्या फडक्याने पुसायला पाच मिनिटे लागतात.