डिस्क घरात, किल्ली दुसऱ्याकडे

केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी पबजी मोबाइलवर बंदी घातली आणि ३० ऑक्टोबरला भारतातल्या खेळाडूंसाठी त्याचे सर्व्हर बंद झाले. बदलापूरच्या बेलवलीपासून बारामतीपर्यंत ज्यांनी पैसे भरून यूसी हे खेळातले चलन घेतले, बंदुकांच्या स्किन जमवल्या, त्यांच्या फोनमधला खेळ निकामी झाला. २ जुलै २०२१ला त्याच खेळाचा भारतीय अवतार बीजीएमआय आला, जुना साठा तिकडे नेण्याची सोयही काही काळ मिळाली; पण २८ जुलै २०२२ला तोही अ‍ॅपच्या दुकानांतून उतरला आणि २०२३च्या मे महिन्यात परतला. बंदी योग्य होती की नाही, हा वाद निराळा. पैसे मोजणाऱ्याला मात्र या सगळ्यात कुणी विचारले नाही, कारण करारानुसार त्याचे काही नव्हतेच.

याउलट नव्वदच्या दशकातली टीव्ही गेमची कॅसेट. ती बहुधा नकली असे, हे मान्य करूनच बोलू. पण ती उसनी देता येई, बदलता येई, विकता येई. प्लेस्टेशनच्या अस्सल डिस्कनेही ही सोय टिकवली. प्लेस्टेशन ५चा मोठा नवा खेळ पाच हजारांच्या घरात जातो तेव्हा खेळून झालेली डिस्क विकण्यावरच पुढच्या खेळाचे गणित बसते. कायदाही याच बाजूला झुकला आहे: संगणक प्रणालीची आधी विकलेली प्रत पुन्हा विकण्यावरही निर्मात्याचा हक्क सांगणारे शब्द कॉपीराइट कायद्यातून १९९९च्या दुरुस्तीने गाळले गेले. डाउनलोड केलेल्या खेळाला मात्र हा दुसरा बाजारच नाही.

यावर कुणी म्हणेल, डिस्क काय अमर असते? जुलै २०१९मध्ये उल्हास नदीचे पाणी बदलापूर पश्चिमेच्या तळमजल्यांत शिरले. अशा पाण्यात डिस्क आणि यंत्र दोन्ही जातात, ऑनलाइन खात्यातला खेळ वाचतो. आक्षेप खरा आहे, आणि त्याहून मोठा आक्षेप असा की डिस्क हाती असूनही खेळ हातचा जातो. युबिसॉफ्ट कंपनीचा २०१४चा खेळ ‘द क्रू’ डिस्कवरही विकला गेला होता. ३१ मार्च २०२४ला सर्व्हर बंद होताच त्या डिस्क निरुपयोगी झाल्या. निन्टेन्डो स्विच २ या गेम-यंत्राच्या काही कार्डांत तर खेळच नसतो, असते ती फक्त डाउनलोडची परवानगी. उलट जीओजी या ऑनलाइन दुकानातून घेतलेला खेळ उतरवून स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवता येतो, एकट्याने खेळायला कुणाची परवानगी लागत नाही. म्हणजे मालकी ठरते ती विक्रेत्याच्या होकाराशिवाय खेळ चालतो की नाही यावर. प्लास्टिक असले काय, नसले काय.

कंपन्यांनी सर्व्हर कायम चालवावेत का? तशी मागणी कुणी शहाणा करत नाही. ‘द क्रू’नंतर रॉस स्कॉट यांनी उभारलेल्या ‘स्टॉप किलिंग गेम्स’ चळवळीचे म्हणणे इतकेच की सेवा आवरताना खेळ चालता राहील अशी तजवीज करा. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५पासून डिजिटल माल विकताना तो केवळ परवाना आहे, हे ग्राहकाला स्पष्ट सांगावे लागते. चांगले आहे, पण सांगून हिरावले तरी हिरावलेच. आपल्या २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अधिक धार आहे: वाजवी कारणाशिवाय करार एकतर्फी मोडण्याची मुभा देणारी अट तिथे अनुचित करारात मोडते. मेख अशी की अनुचित कराराची तक्रार ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगापुढे चालत नाही, ती राज्य आयोगाकडेच न्यावी लागते. आणि पाच हजारांच्या खेळासाठी बेलवलीतून तिथवर भांडायला कुणी जाणार नाही, याची कंपन्यांनाही खात्री आहे.