तारण कुणाचं?

लेखमाला : धंदा आणि सचोटी – भाग ६

मागच्या भागात कंपन्यांच्या छापील आचारसंहिता पाहिल्या. कागदावर सगळेच धुतल्या तांदळासारखे असतात. नुकसान सोसायची वेळ आली की ते कुणाच्या माथी मारलं जातं, यावर धंद्याच्या प्रमुखाची पारख होते. त्यासाठी या वेळी कर्जत तालुक्यात, भिवपुरीला जाऊ.

मुंबईकरांना भिवपुरी ठाऊक असते ती पावसाळी धबधब्यांमुळे. पण इथली खरी कमाल डोंगरावरून उतरणाऱ्या लोखंडी नळांत आहे. वर मावळात आंध्रा नदीवर ठोकरवाडीचं धरण आहे. ते पाणी मुळात पूर्वेला भीमेकडे जाणारं. त्याला पश्चिमेला वळवून सुमारे ५०० मीटर खाली वीजघराच्या चक्रांवर सोडलं. १९१६ साली स्थापन झालेल्या टाटांच्या आंध्रा व्हॅली कंपनीचं हे वीजघर १९२२ मध्ये सुरू झालं. त्याआधी खोपोलीचं, १९१५ मध्ये. नंतर भिऱ्याचं, १९२७ मध्ये. मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली. चक्रावरून उतरलेल्या पाण्यावर राजनाल्याच्या शिवारात उन्हाळी भातही होऊ लागला.

या साऱ्याच्या मागे सर दोराबजी टाटा होते. त्यांची एक गोष्ट व्यवस्थापनाच्या वर्गांत हमखास सांगितली जाते. १९२४ साली जमशेदपूरचा पोलाद कारखाना डबघाईला आला. कामगारांचे पगार द्यायला पैसे नव्हते. दोराबजींनी स्वतःची जवळपास सगळी मालमत्ता इम्पीरियल बँकेकडे तारण ठेवली आणि एक कोटीचं कर्ज उभं केलं. त्या तारणात पत्नी मेहेरबाईंचा ज्युबिली हिराही होता. २४५ कॅरटचा, आजच्या कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. (त्याच वर्षी सरकारने देशी पोलादाला जकातीचं संरक्षण दिलं, हे मात्र वर्गात सांगायचं राहून जातं.) तरी मालकाने कंपनीसाठी स्वतःचं घरदार डावावर लावलं, याला तोड नाही. कंपनी बुडाली तर मालकाने आधीच आपला वाटा बाजूला काढलेला असतो, हे आपण आज सर्रास पाहतो.

आता याच काळातली दुसरी गोष्ट. भिऱ्याच्या वीजघरासाठी मुळशीला धरण बांधायचं होतं. जमिनी रीतसर ताब्यात येण्याआधीच कंपनीच्या माणसांनी शेतांत चाचणीचे चर खणले. १९२१ च्या रामनवमीला मावळे शेतकरी सत्याग्रहाला बसले. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. सरकारने भूसंपादनाचा कायदा पुढे केला. शेतं सावकारांकडे गहाण पडलेली, त्यामुळे भरपाईचा बराचसा पैसा कसणाऱ्याच्या हाती लागलाच नाही. धरण झालं, गावं पाण्याखाली गेली.

तारण दोन्हीकडे होतं. जमशेदपूरसाठी दोराबजींनी आपलं दिलं, मुळशीत ते दुसऱ्यांचं घेतलं, तेही न विचारता. म्हणून दोराबजींना लबाड म्हणायचं का? मी म्हणणार नाही. १९३२ साली जाताना त्यांनी संपत्ती विश्वस्त निधीला दिली. पण भागधारक आणि कामगार यांच्याशी शंभर टक्के चोख असलेला माणूस धरणाखालच्या माणसाला हिशेबातच धरत नाही, असं होऊ शकतं. ज्याची सही लागत नाही, त्याच्याशी वागताना कंपनी कशी असते, हे वार्षिक अहवालात सापडत नाही.

हा प्रश्न भिवपुरीला पुन्हा उभा राहिला आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी भिवपुरीला १००० मेगावॉट आणि शिरवट्याला १८०० मेगावॉटच्या उदंचन प्रकल्पांसाठी सामंजस्य करार केला. वीज मुबलक असेल तेव्हा खालचं पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की सोडायचं. सौर विजेच्या काळात हे लागणारच. विचारायचं ते साधं आहे : खोदाईचं यंत्र आधी येतं की जमिनीचा कागद? पैसे सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतात की प्रत्यक्ष कसणाऱ्यालाही? आणि चक्राखालचं पाणी पुन्हा वर चढू लागलं, तर राजनाल्याच्या भाताला किती सुटेल, हे कोण लिहून देणार?

पुढच्या आठवड्यात : पतसंस्थांचे संचालक आणि त्यांच्या सह्या.